सुट्टीचा आठवडा

बाबा, परवा रविवारी लंडनमध्येच, आपल्या हॅरोच्या घरापासून ट्रेनने काही मिनिटांवर अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. प्रदर्शनाचा नाही, खरा, सीझनच्या हारजितीत धरला जाणारा. मेट्रोपॉलिटन लाइनवरून जाताना आता नव्या स्टेडियमची कमान दिसते, त्या स्टेडियममध्ये. मी गेले नाही. आईकडे बसून टीव्हीवर अर्धवट पाहिला, आणि खेळापेक्षा तुमच्या आलेखाच्या कागदाचीच आठवण जास्त आली.

तुम्हालाही खेळात फारसा रस नव्हता. धक्काबुक्की सुरू झाली की तुम्ही पेपर वर धरायचात. रस होता तो वेळापत्रकात. बस गॅरेजच्या ऑफिसात रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, बनवणाऱ्या माणसाला एक अख्खा देश आपले संघ सोळा आठवडे कसे फिरवतो, याचं कौतुक वाटणं साहजिक होतं. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून ते मासिक आणायचात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी, दोन पेन्सिली घेऊन अख्खा सीझन उतरवून काढायचात. आई पोळ्या लाटत असायची, पिठाचा हात लागेल म्हणून तुम्ही कागद खिडकीकडे सरकवत राहायचात. "हे बघ," तुम्ही मला म्हणता, "सोळा सामने. आठ घरी, आठ बाहेर. आपल्या गटातल्यांशी दोनदा, एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे. मग एका दुसऱ्या गटाशी, तो दर वर्षी बदलतो. आणि उरलेले गेल्या वर्षीच्या क्रमांकावरून. पहिला आलेल्याला पहिले आलेले, शेवटच्याला शेवटचे." मी विचारते, म्हणजे जिंकलेल्याला शिक्षाच की. "शिक्षा नाही गं. वर गेलेल्याला वजन जास्त. घरातही तसंच असतं." यावर आई लाटणं न थांबवता म्हणते, "घरात कोण वर गेलंय, ते एकदा कळू दे मला."

आता संघ बत्तीस झालेत, बाबा. चार-चारचे आठ गट, चार या बाजूला, चार त्या बाजूला, एकही वाकडा नाही. तुमच्या वेळी कुठे चार संघ, कुठे पाच, त्यावरून तुमची चिडचिड व्हायची. आता सहा सामने आपल्या गटात, चार आपल्या बाजूच्या एका गटाशी, चार पलीकडच्या बाजूच्या एका गटाशी, आणि दोनच गेल्या वर्षीच्या क्रमांकावरून. गट असे फिरवतात की चार वर्षांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा तरी खेळतोच. तुम्ही हे तपासून पाहायला दोन रविवार घालवले असतेत. परवाचा सामना एका संघाच्या घरच्या आठांपैकी होता. घर समुद्रापलीकडे, पण कागदावर हेच घर. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपलं काय वेगळं होतं?"

आई सप्टेंबरात स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं नाही, पण ओट्याला धरून उभी राहते तेव्हा बोटं पांढरी पडतात. रविवारी धाकटाही केंब्रिजहून आला होता, घर विकायचं बोलायला. चार वर्षांपासून रविवार आम्ही वाटून घेतले आहेत, एक त्याचा, एक माझा. एडिनबराहून ट्रेनला साडेचार तास लागतात आणि हॉस्पिटलात एक्स-रे विभागाचा रोटा मीच करते, त्यामुळे माझ्या वाट्याचे निम्मे रविवार त्याच्यावर पडत आले. त्याने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. परवा दाखवलं. "ताई, मी प्रत्येक संडे नाही करू शकत. ऑनेस्टली. मुलं विचारतात, डॅडी घरी कधी असतो. आईला आमच्याकडे शिफ्ट करू या."

"मी इथून हलणार नाही," आई म्हणाली. "आज याच्याकडे न्याल, उद्या हिच्याकडे. मला काय तुमचा बॉल समजलात?"

"तसं नाही, आई. ताई अल्टरनेट वीकला नक्की येणार असेल, तर मी काही बोलत नाही. पण नक्की म्हणजे नक्की."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. टीव्हीवर कुणीतरी चिखलात पडलं होतं आणि पंच हात वर करून उभा होता. मी म्हटलं, बघते. तुम्हीही दर दिवाळीच्या आधी आईला हेच म्हणायचात, बघतो.

कारण तुमचा एक नियम होता. रोटा करणाऱ्याने स्वतःचं नाव शेवटी लिहायचं, जिथे जागा उरेल तिथे. तो मी इतका उचलला की बारा जणांच्या आमच्या विभागात ख्रिसमस, ईस्टर आणि लांबचे वीकेंड बहुतेक माझेच असतात. लोकांना वाटतं मला आवडतं.

मी एकोणीस-वीस वर्षांची असेन. तुमचा उजवा हात मुरगळला होता. ऑफिसातल्या सहा जणांचा नोव्हेंबरचा रोटा तुम्ही मला स्वच्छ उतरवून काढायला दिलात. दिवाळीच्या सुट्टीचा एक चौकोन मुद्दाम रिकामा ठेवलात. सहापैकी चौघे आपले, तुम्ही धरून, आणि सुट्टी दोघांनाच देता येणार होती. "एक नाव मी घातलंय. दुसरं तू घाल. बघू, इतकी वर्षं टेबलाशी बसून काय शिकलीस." मी तासाभराने कागद आणून दिला. दुसरं नाव त्या चौघांतल्याच शेजारच्या काकांचं होतं, जे दर शनिवारी आपल्याकडे चहाला यायचे. तुम्ही चष्मा वर केलात. "गेल्या दिवाळीला हा घरीच होता. ठाऊक नव्हतं तुला?" ठाऊक होतं. "रोटा करणाऱ्याने ओळख चपलांसारखी दाराबाहेर काढून यायचं. आत आणलीस की संपलं." तुम्ही आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नव्हता, म्हणूनच ते इतकी वर्षं ऐकू येत राहिलं. मग तुम्ही त्या चौकोनावरून अंगठा फिरवलात. कागद खोडरबराने खरबरीत झाला होता. "इथे आधी कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

तुम्ही तिथे तिसऱ्याच माणसाचं नाव घातलंत आणि स्वतःचं नेहमीप्रमाणे कामाच्या रकान्यात. त्या दिवाळीला आईने फराळाचा डबा गॅरेजवर पाठवला. माझ्याच हाती.

तुम्ही फेब्रुवारीत गेलात. सीझन संपून गेला होता, तुमच्या कागदावर सोळाच्या सोळा आठवडे भरलेले होते, एकही चौकोन मोकळा नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी नियम बदलला. आता सोळा सामने सतरा आठवड्यांत बसवतात आणि प्रत्येक संघाला मधे एक आठवडा रिकामा मिळतो. हरलेल्यालाही, जिंकलेल्यालाही, मागावा लागत नाही. परवा जे दोन संघ इथे आले होते, त्यांना तो लगेच पुढच्याच आठवड्यात दिलाय, प्रवास लांबचा म्हणून. ज्या कुणी तो तक्ता केला, त्याने हा विचार आधीच करून ठेवला होता.

काल मी कामावर गेले आणि नोव्हेंबरचा रोटा काढला. एकाआड एक रविवारच्या सुट्टीत पहिलं नाव माझं लिहिलं. हात थोडा अडला, खोटं कशाला सांगू. मग विभागातल्या दोघींना विचारायला गेले की माझे हे रविवार त्या करतील का, बदल्यात मी त्यांच्या इतर दिवशी येईन. मी कारणांची तयारी करून गेले होते, आईचं पडणं, ट्रेनची वेळ. त्यातली मोठी, तीस वर्षं इथे काढलेली, म्हणाली, "अगं, अखेर! आम्हाला वाटायचं तुला घरच नाहीये." आणि चहा ओतायला वळली. एवढंच. कुणी हिशेब मागितला नाही. तुम्हाला तरी कुणी मागितला असता का, हे मला आता कळायचं नाही. धाकट्याला फोन करून नक्की म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ओके ताई. थँक्स." मग आईला फोन केला, तिने विचारलं, "नक्की म्हणजे बघते का?" मी म्हटलं, नाही, नक्की म्हणजे नक्की.

हे पत्र त्याच आलेखाच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवणार आहे, आईकडे, तुमच्या शेवटच्या सीझनच्या मागे. पाठवायला पत्ता नाहीच. फक्त तुम्ही तेव्हा विचारलं होतंत ते राहिलं. त्या चौकोनात आधी तुमचं नाव होतं, बाबा. मी ते पेन्सिलीने लिहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि तुम्ही रागवाल म्हणून खोडून काकांचं लिहिलं.