पाचव्या शीलापाशी गप्प

प्रिय दादा,

उद्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतंय. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय आणि वंदना मी घ्यायची, असं कमिटीने ठरवलंय. तुमच्या जागेवर तुमचा मुलगा! आई आणि वैशाली फुलं, मेणबत्त्या आणायला कळव्याच्या बाजारात गेल्यात. घर रिकामं आहे, म्हणून लिहायला बसलो. तुमच्याशी एक भांडण मिटवल्याशिवाय मला उद्या तिथे बसता येणार नाही.

आठवतं ना? मी बावीस वर्षांचा होतो. शनिवारी मित्रांबरोबर प्यायलेलो आणि रविवारी सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून वंदनेला तुमच्या मागे येऊन बसलेलो. तुम्ही पुढे म्हणत होतात, आम्ही मागून. दारूपासून लांब राहण्याचं पाचवं शील आलं तेव्हा तुम्ही मान वळवून हळूच म्हणालात, "मिलिंद, पाळायचं नसेल तर म्हणू नकोस."

एवढंच! त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी चार शीलं म्हणायचो आणि पाचव्याला तोंड मिटून बसायचो. अठरा वर्षं.

रागावू नका, दादा, पण तुमचं तिथे चुकलं. तुम्हाला वाटलं, पोरगा लाजेल आणि सोडेल. मी कसला लाजतोय! मला तर सूट मिळाली. म्हणतच नाही, तर मोडणार कुठून, असं स्वतःला सांगत मी ग्लास भरायचो. दर रविवारी माझं गप्प बसणं तुमच्या लक्षात येत होतं, मग पुन्हा कधी विचारलं का नाहीत? एकदा तरी विचारायचंत!

चूक एकट्या तुमची नव्हती, हेही लिहितो. आपण दिवा स्टेशनजवळ राहायचो तेव्हा नळाला पाणी नसायचं. फर्स्ट शिफ्ट करून आलात की तुम्ही टँकरच्या रांगेत उभे राहायचात आणि खांद्यावरून हंडे तिसऱ्या मजल्यावर न्यायचात. आईचे गुडघे दुखायचे, म्हणून भांडीही तुम्हीच घासायचात, तेही दार सताड उघडं ठेवून. खालच्या पानटपरीवरची माणसं विचारायची, "काय शेठ, आज वहिनींनी काय ड्युटी लावलीय?" तुम्ही हसून वर यायचात. मला मात्र तुमची लाज वाटायची. खरे पुरुष म्हणजे ती टपरीवरची माणसं, असं मला वाटायचं, आणि पहिला घोट मी त्यांच्याबरोबरच घेतला. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

आता चार महिन्यांपूर्वीचं ऐका. घरी रविवारची वंदना चाललेली. पाचव्याला माझं तोंड नेहमीसारखं बंद. सहज शेजारी पाहिलं, तर यशही ओठ मिटून ताठ बसलेला, अगदी माझ्यासारखा. नऊ वर्षांचा तुमचा नातू! नंतर वैशालीने विचारलं, "अरे, पाचवं का नाही बोललास? विसरलास?"

"नाय गं मम्मी. ते लेडीज लोक बोलतात ना? तू बोलतेस, आजी बोलते. पप्पा कुठे बोलतात?"

"आणि आजोबा बोलायचे ते?"

"ते तर सगळ्यांना शिकवायचे ना! त्यांना सगळंच बोलायला लागायचं."

आई हसली. वैशाली हसली नाही. मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो. मी माझ्या मुलाला काय शिकवत होतो, दादा?

त्या दिवसापासून बंद केली. मध्ये एकदा घसरलो, खडवलीला, ऑफिसातल्या मित्राच्या फार्महाऊसवर. दुसऱ्या दिवशी वैशालीला स्वतःहून सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि बरोबरच केलं तिने. आता मित्र चिडवतात, "काय रे, बायकोला घाबरतोस?" मी म्हणतो, घरी भांडी घासायचीत, निघतो. आणि खरंच येऊन घासतो.

पण उद्याचं काय? तुमच्या हिशेबाने मला पाचवं शील म्हणायचा हक्कच नाही. खडवलीला जाऊन अजून महिना झाला नाही. काल आईला विचारलं, "मी वंदना घेतलेली दादांना चाललं असतं का गं?" ती वाती वळता वळता म्हणाली, "मला काय विचारतोस? त्यांनाच विचार." म्हणून हे पत्र.

तुम्हाला विचारलं खरं, पण उत्तर मीच ठरवलंय. शील म्हणजे शिकायचा नियम, हे विहारातल्या पोरांना तुम्हीच समजावून सांगायचात. मग शिकणाऱ्याला गप्प का बसवायचं? एकदा नापास झाला म्हणून शाळेतच यायचं नाही का त्याने?

उद्या यशला मी अगदी समोर बसवणार आहे. पाचवं शील मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार. पुन्हा कधी मोडलं, तर ते यशला मी स्वतः सांगेन आणि पुढच्या रविवारी परत म्हणेन. उद्या मोठा होऊन तोही चुकेल कदाचित. तेव्हा मान वळवून मी त्याला सांगेन, "म्हण, बाळा. माझ्याबरोबर म्हण." हा शब्द मी तुम्हाला देतो.

तुम्ही मला गप्प बसवलंत, दादा. मी त्याला बसवणार नाही.

तुमचाच,
मिलिंद