माडग्यातली सुई

आई, तुझ्या सुनेला जेवू घालायचं काम सध्या माझ्याकडे आहे. हे ऐकून तुला आधी हसू आलं असतं आणि मग राग. लहानपणी चुलीपाशी मी जरा जास्त वेळ रेंगाळलो की तू फुंकणी उगारायचीस. "ऊठ हितनं. गडीमाणसाचं हितं काय काम हाय?" मी उठायचो. असा उठलो तो पुन्हा स्वयंपाकघरात शिरलो थेट म्हातारपणी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, आणि तेही तिला लकवा मारला म्हणून. तिची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चालतो आणि डोळे पूर्वीसारखेच आहेत, म्हणजे मी कुठं काय सांडलं ते त्यांना लगेच दिसतं. आता मी गॅससमोर उभा राहून माडग्यासाठी हुलग्याचं पीठ पाण्यात कालवतो, त्याच्या गुठळ्या होतात, त्या मी चमच्यानं भांड्याच्या कडेला दाबून फोडतो, आणि ती पलंगावरून हे सगळं बघत असते. तिला सांगता येत नाही आणि मला जमत नाही, असं आमचं सध्या चाललं आहे.

सुरुवातीला पुण्याहून मुलगी आली होती. तिनंच मला शिकवलं. तिच्या आईला पातळ पाणी गिळताना ठसका लागतो, म्हणून माडगं जरा दाट ठेवायचं, भात मऊ करून कुस्करायचा, चमचा डाव्या गालाकडून घालायचा. मुलगी होती तोवर सगळं सुरळीत होतं. ती मला पुढच्या खोलीत ताट वाढून द्यायची, मग वाटी घेऊन आईपाशी बसायची, आणि वाटी रिकामी करूनच उठायची. रजा संपली तशी ती गेली. जाताना दारातून दोनदा परत आली. मी म्हटलं, जा तू, मी काय कुक्कुलं बाळ आहे का. आणि दुसऱ्याच दिवशी मी तिच्या आईचं तोंड भाजलं.

मला कळलंसुद्धा नाही. घास उजवीकडे गेला असणार, आणि त्या गालाला काही जाणवतच नाही, त्यामुळे ती ओरडली नाही, की तोंड फिरवलं नाही. सकाळी तिला अंघोळ घालायला येणाऱ्या बाईनं तोंड पुसताना बघितलं आणि मला हाक मारली. "अवो काका, फोड आलाय की काकूच्या गालात! लई कढत दिलं व्हय?" मी बघितलं तर आतून पांढरा फोड. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं. मी वाटी घेऊन बसलो की माझं मन राखायला दोन-तीन चमचे घ्यायची आणि मग ओठ घट्ट. चहा तेवढा घ्यायची. संध्याकाळी मी माझा कप घेऊन तिच्याशेजारी बसायचो, चार घोट प्यायचो, मग तिला त्यात बिस्किट विरघळवून, दाट करून चमच्यानं पाजायचो. त्याला तिनं कधी नाही म्हटलं नाही. जेवणाला मात्र नाही. अंगावरची पोलकी सैल व्हायला लागली. इथं उमरग्यात हायवेच्या कडेला ज्यांचा दवाखाना आहे त्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि तिच्यासमोरच मला म्हणाले, "काका, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. थोडे दिवस बघू." तिनं डाव्या हातानं माझ्या शर्टाची बाही धरली. तिच्या थोरल्या बहिणीला नळी घातली होती. ती शेवटपर्यंत उपटायला बघायची म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. ते आम्ही दोघांनी उशाशी बसून बघितलं आहे. घरी येईपर्यंत तिनं बाही सोडली नाही.

मी ठरवून टाकलं, भाजल्यामुळं ती घाबरली आहे. उपाय सोपा, गरमपणा मोजायचा. तुला माहीत आहे, माझा जन्म मीटर वाचण्यात गेला. वीजखात्यात गावोगाव फिरलो, लोकांनी कितीही गयावया केली तरी मी म्हणायचो, मीटर काय दाखवतंय ते बघा. तुझं बोटांनी चालायचं, दूध विरजताना करंगळी बुडवायची आणि झालं. माझ्या बोटांना तसलं काही कळत नाही. मग गेलो मेडिकलच्या दुकानात आणि थर्मामीटर मागितला. पोरानं तापाचा काढला. मी म्हटलं, अंगाचा नको, जेवणाचा पाहिजे. तो म्हणाला, "काका, वरणाला ताप आलाय व्हय?" दुकानातली सगळी हसली. मीसुद्धा हसलो, करणार काय. तापाचा बेचाळीसच्या पुढं जात नाही, तो काय कामाचा? मग घरात कोरोनाच्या वेळचं कपाळावर धरायचं पिस्तूल होतं ते शोधलं, सेल बदलले, ते उलटसुलट करून बघितलं आणि वस्तू मोजायचा खटका सापडला. माडग्यावर धरलं तर आकडा आला त्रेचाळीस. मी खूश. तिला द्यायच्या आधी चमचाभर स्वतःच्या तोंडात घातलं आणि जीभ पोळून निघाली. ते पिस्तूल वरच्या सायीपुरतंच बघतं, खाली काय उकळतंय त्याचा त्याला पत्ता नाही.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, थांबा, मी बघते. चार दिवसांनी पुण्याहून पार्सल आलं. चाकूसारखा घडीचा थर्मामीटर, उघडला की बोटभर लांबीची पोलादी सुई बाहेर येते आणि पाठीवर आकडे उजळतात. घरातल्यांनी काही पाठवलं की तू आधी त्याला नावं ठेवायचीस, तसंच मी केलं. विश्वास ठेवायच्या आधी तपासला. बर्फाच्या पाण्यात धरला, शून्य दाखवलं. उकळत्या पाण्यात धरला तर अठ्ठ्याण्णववर जाऊन थांबला, काही केल्या शंभर होईना. मी लगेच फोन लावला, म्हटलं, खराब माल गळ्यात मारलाय, परत कर. ती म्हणाली, "अप्पा, उमरगा समुद्रापासून उंचावर आहे, तिथं पाणी शंभरच्या आधीच उकळतं. तो बरोबर आहे." इतकी वर्षं इथलं उकळलेलं पाणी पितोय आणि ते शंभरी गाठत नाही हे मला आत्ता कळलं. मग तिनं वापर शिकवला. सुईचं टोक भांड्याच्या बुडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर ते भांड्याचा आकडा सांगतं. आधी चांगलं ढवळायचं, टोक मधोमध धरायचं, आकडा पळायचा थांबला की वाचायचं. दर वेळी सुई धुऊन पुसायची. पन्नासच्या वर काही द्यायचं नाही. हे काम मला आवडलं, आई. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी येत होतं.

तर पन्नासला दिलं. तिनं ओठ मिटले. मी म्हटलं, अजून भीती असेल, पंचेचाळीसला देऊ. नाही. चाळीसला देऊ. तेही नाही. मी सुई तिच्यासमोर धरून दाखवायचो, "हे बघ, चाळीस, चाळीसनं कुणी भाजत नाही." ती आकड्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि मान फिरवायची. मी विनवण्या केल्या. एकदा चिडून चमचा आपटलासुद्धा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला मी वाकलो तर तिनं डाव्या हातानं मलाच लोटलं, स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. मला वाटलं, ती म्हणतेय, हे घेऊन जा.

मग एका दुपारी माझा धीर सुटला. वाटी तिच्या उशाशी तशीच ठेवली आणि तिथंच खुर्चीत बसून सकाळची भाकरी आणि पिठलं खाल्लं, तिच्याकडे न बघता, रागानं. ताटात हात धुतला तोवर टकटक ऐकू आली. ती चमच्यानं वाटी वाजवत होती. मी चमचा पुढं केला, तिनं आ केला. दुसरा, तिसरा, सगळी वाटी संपली. शेवटच्या घासाआधी मी सुई घातली होती. एकोणतीस. म्हणजे अगदी गारढोण. मला वाटलं, सापडलं. तिला गार पाहिजे होतं आणि मी मूर्खासारखा गरम करत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी परातीत पाणी घालून त्यात वाटी ठेवली, पंखा लावला, बरोबर एकोणतीसवर आणलं. तिनं ओठ मिटले. मी तिच्यासमोर रडलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आकडा विचारला, मी सांगितला. मग सवयीनं तिनं विचारलं, "आणि तुम्ही जेवलात का, अप्पा?" मी म्हटलं, मी कसला जेवतोय, आधी तिचं, मग माझं. मग ती हळूच म्हणाली, "अप्पा, आई कधी तुमच्या आधी जेवलीय का?"

आई, तुझी सून लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यातली एक सकाळ आहे. मी ओसरीवर दाढी करतोय. आत तिनं तव्यावरची पहिली भाकरी मोडून तुकडा तोंडात घातला असणार. पहाटेपासून कामाला जुंपलेलं विशीच्या आतलं माणूस, भूक लागली असेल. तुझा आवाज काही चढला नव्हता. तू समजावून सांगावं तसं म्हणालीस, "न्हाय बाई, असं करू नये. आदी गड्याचं ताट, मग आपलं." बस, एवढंच. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. तुझं तिच्यावर प्रेम होतं, हे तीही सांगायची. तू आजारी पडलीस तेव्हा तुला भरवायला तीच बसायची. आणि तुलाही हे कुणीतरी असंच समजावून सांगितलं असेल, चांगल्या मनानं.

त्या फोनपासून मी आठवतोय, तू जेवताना कशी दिसायचीस. आठवत नाही. तुझं माहेर आळंदकडचं, येईल त्याला तू कानडीत विचारायचीस, "ऊटा आयता?" जेवलास का, म्हणून. वाटसरूला विचारायचीस, कासाराला विचारायचीस. मला नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी तू पुरण घातलं होतंस. मी म्हटलं, तूही बस ना, तर तू म्हणालीस, "तुमचं हू दे, म्या बसतेच की." पोळी तव्यावरून थेट माझ्या ताटात पडत होती, वाफ निघत होती, वर तू तूप सोडत होतीस. तू कधी बसलीस, तुझी पोळी गरम होती का, मला माहीत नाही. तिचंही तसंच. इतक्या वर्षांत तिनं गरम भाकरी खाल्लेली मी बघितलेली नाही, आणि मी मात्र तिच्या घासात सुई घालून अंश मोजत बसलो.

हे पत्र मी तुझ्याकडं एक गोष्ट मागण्यासाठी लिहितोय. तू एकदा येऊन तिला सांग. माझं ती ऐकत नाही. मी सगळं करून बघितलं. म्हटलं, आता आपण दोघंच आहोत, कोण बघतंय. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. मुलीनं फोनवर शप्पथ घातली. ती मान हलवते आणि ओठ मिटते. तुझं तिनं एका सांगण्यात ऐकलं होतं, आणि तेच सांगणं आता तुझ्याशिवाय कुणाला मागं घेता येत नाही. नळी सध्या टळली आहे, डॉक्टर म्हणाले वजन जरा सावरलं. कारण आता मी आधी जेवतो. तिची वाटी झाकून ठेवतो, तिच्यासमोर खुर्ची ओढतो आणि जेवतो. ती उपाशी पोटी माझ्याकडे बघत असते. माझं झालं की मी तिचं पुन्हा गरम करतो, सुई घालतो, पन्नास आलं की भरवतो, आणि ती शहाण्या पोरीसारखी सगळं खाते. असा घास माझ्या घशाखाली कसा उतरत असेल, सांग.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुझ्या फोटोपुढं ठेवावं तर तो तिच्या पलंगासमोरच आहे, ती वाचेल. म्हणून घडी करून खिशातच ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. हल्ली मला अन्नावरची वासनाच राहिलेली नाही. परवा मी तिला फसवायला बघितलं, ताटात दोनच घास घेतले आणि मग रिकामंच तोंड हलवत बसलो. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, आई. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, घोट उतरतोय का म्हणून. उतरला नाही, तर तिनंही आ केला नाही. आत्ता ती जागी झाली आहे आणि वाटीकडे बघते आहे. मी ताट वाढून घेतो. खरं सांगतो, मला अजिबात भूक नाही.