एका शेळीचं रीडिंग

रविवार, ४ मे. संध्या. ८.२०

काय घडलं:
१. पाच वाजता तीन माणसं माझ्या टेबलाशी बसली: वरच्या मजल्यावरची वहिनी, शेजारचे निवृत्त डेंटिस्ट आणि आमच्या लॅबचा स्टोअरकीपर.
२. अकरा दिवस खपून खेळासाठी आखलेला किल्ला मी त्यांच्यापुढे ठेवला.
३. नकाशात दाराशी जागा रिकामी दिसत होती, म्हणून तिथे एक शेळी काढली होती.
४. किल्ल्यात कोणीही शिरलं नाही.
५. आठपर्यंत शेळीशी बोलणी चालली.

उपाय: शेळी खोडणे.

सोमवार, ५ मे

खेळाचा डबा वहिनीने वाढदिवसाला दिला. म्हणाली, अगं, वजनकाट्यांशिवाय कुणाशी तरी बोल. मी वजनकाटे तपासते. ते उलट बोलत नाहीत. केवळ तिचं मन राखायला हो म्हटलं.

खेळ असा: एकीने जग सांगायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमेल की फसेल अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस आला तर उत्तम, एक आला तर बोंब. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. मॅन्युअल दोनदा वाचलं; ही छपाईची चूक नाही.

रविवार, ११ मे

शेळी खोडली नाही. डेंटिस्टांनी आल्या आल्या तिची खुशाली विचारली. तिचं नाव आता बाईसाहेब.

निरीक्षणं. घरी भाजी कुठली करू विचारलं की काहीही चालेल म्हणणारी वहिनी इथे सेनापती आहे आणि कुणाचं ऐकत नाही. सहीशिवाय नटबोल्ट न देणारा स्टोअरकीपर दरोडेखोर झालाय आणि लुटलेलं सोनं रस्त्यात वाटतोय. डेंटिस्ट भाट आहेत. म्हणाले, चाळीस वर्षं समोरच्याचं तोंड उघडं होतं, पण बोलत कोणीच नव्हतं.

लोकांना यात काय मिळतं ते कळलं. मला अर्थात गरज नाही. तीन खुर्च्या घेतल्या. तशाही घ्यायच्याच होत्या.

रविवार, १८ मे

दोरीचा पूल. बाईसाहेबांसाठी फासा डेंटिस्टांनी टाकला. एक आला. नियमाप्रमाणे दोरी तुटली, शेळी दरीत.

स्टोअरकीपर म्हणाला, मॅडम, लॅबमध्ये तर तुम्ही प्रत्येक रीडिंग तीनदा घेता. मी म्हटलं, ही लॅब नाही. वहिनी म्हणाली, शेळी जाते जिवानिशी आणि आमच्या बाईंना मॅन्युअलची पडलीय. डेंटिस्टांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले.

साडेसहालाच सगळे उठले. दिवस एकंदरीत चांगला गेला. नियमाचा मान राहिला.

रविवार, २५ मे

५.००. चार कप चहा टाकला.
५.१०. वहिनीचा मेसेज: पाहुणे आलेत.
५.१२. डेंटिस्ट: गुडघा.
५.१५. स्टोअरकीपर: स्टोअरची मोजणी. रविवारी.

बरंच झालं. कपाट आवरायचंच होतं.

६.३०. कपाट आवरून झालं. एकाच खणाचं आहे.

६.४०. चाळणी परत द्यायला वर गेले. चाळणीची घाई नव्हती. वहिनीच्या दाराबाहेर डेंटिस्टांच्या चपला. म्हणजे गुडघा दोन जिने चढू शकतो. आतून हसण्याचे आवाज. त्यातला एक मोजणीवर असायला हवा होता. निष्कर्ष काढला नाही. एका रीडिंगवर निष्कर्ष काढत नाहीत. चाळणी घेऊन खाली आले.

सोमवार, २६ मे

दोष फाशाचाच असणार. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी फासा ६०० वेळा टाकला. एक यायला हवा ३० वेळा, आला ३१ वेळा. फासा निर्दोष. टेबलाचा उतार तपासला. टेबलही निर्दोष. आता खोलीत तपासायला एकच वस्तू उरली होती. तिला चहा दिला.

मंगळवार, २७ मे

मला फरक पडत नाही. फक्त प्रक्रिया म्हणून तिघांना पुढील मजकूर पाठवला. मसुदे सात झाले. नोंदीसाठी प्रत:

विषय: बाईसाहेब.
१८ मे रोजी एकच रीडिंग घेऊन शेळी मृत घोषित करण्यात आली. ही पद्धत चुकीची होती. चूक माझी. फाशाची नाही, तो तपासला आहे. उरलेली दोन रीडिंग रविवारी, १ जूनला पाच वाजता माझ्या टेबलावर घेतली जातील. फासा डेंटिस्टकाकांनीच टाकायचा. तोपर्यंत शेळी दोरीला लटकलेली आहे. पकड घट्ट आहे, पण किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही. शेळीबद्दल बोलतेय.
चहा चार कप टाकायचा की एक, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवावं.