जंत पाळणाऱ्या बाईचे मृत्युपत्र

मी, डॉ. कस्तुराबाई धनाजी बंडगर, वय एकाहत्तर, पूर्वी सरकारी पशुवैद्यक, आता निवृत्त, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दमदाटीला किंवा गोडीगुलाबीला बळी न पडता लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे कोणाच्या पेटीतून जुना कागद निघालाच तर तो खोटा समजावा.

‘शुद्धीत’ हा शब्द बाकीचे लोक वकील सांगतो म्हणून लिहितात. मला तो भांडून लिहावा लागत आहे. माझा मयत भाऊ सिदू याचा मुलगा मायाप्पा याने बिरोबाच्या जत्रेत चारचौघांत सांगितले, “आत्याचं डोस्कं फिरलंय. येवडी शिकल्याली डॉक्टर, आन् मेंढरात जंत पाळती.” मी गेल्यावर वेडीचा कागद म्हणून हे मृत्युपत्र कोर्टात पाडायचे, असेही तो वकिलाकडे बोलून आला आहे. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, वजाबाकी करायला लावली, घड्याळ काढून दाखवायला सांगितले. जंतांचे काही विचारले नाही. खरा वाद जंतांचाच असल्यामुळे त्याचा खुलासा मी पुढे योग्य जागी करणार आहे, आणि न्यायालयाने तो झोप न येऊ देता वाचावा.

माझी मिळकत सगळी माझ्या कमाईची आहे. वडिलांनी मला शिकू दिले, त्याबद्दल भावकीने त्यांना वर्षभर पंक्तीला बोलावले नव्हते. त्यामुळे भावकीचा माझ्या कशावरही हक्क नाही.

कलम १. जुळे सोलापूरचे राहते घर माझी पुतणी डॉ. सोनाली, म्हणजे मायाप्पाची धाकटी बहीण, हिला द्यावे. तिने खालच्या दोन खोल्यांत माणसांचा दवाखाना काढला आहे तो तसाच चालवावा. अट एकच. सर्दीपडशाने आलेल्या माणसाने “डॉक्टर, जरा स्ट्राँग गोळी द्या” म्हटले तर ती देऊ नये. साध्या सर्दीवर प्रतिजैविकाचा काही उपयोग होत नाही. पोटातले गरीब जंतू मात्र तेवढे मरतात आणि दांडगे उरतात. यावर सोनालीचे आणि माझे बोलणे झालेले आहे.

“आत्या, मी नाही दिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो की.”

“जाऊ दे. न्युमोनिया घेऊन परत येईल तेव्हा तुझ्याकडची गोळी चालली पाहिजे.”

ती हसली, पण तिने तशी पाटी लावली. पाटी काढू नये.

कलम २. माझा सूक्ष्मदर्शकही सोनालीलाच. त्यासोबत एक गोष्ट तिने लक्षात ठेवावी. माझी आई क्षयाने गेली. सोलापुरात इंजेक्शने सुरू झाली, दोन महिन्यांत तिला भूक लागू लागली, अंगावर मांस चढले. तेवढ्यात दिवाळीचा पाडवा आला आणि कळप चाऱ्यासाठी बाहेर निघाला. बरी झाली म्हणून तीही कळपामागे गेली. परत आली ती खोकतच, आणि त्यानंतर तीच इंजेक्शने पाण्यासारखी गेली. मी तेव्हा सहावीत होते. आईच्या छातीतले सगळे जंतू मेले नव्हते, जे औषधाला पुरून उरले होते त्यांचेच राज्य झाले होते, हे मला कळायला कॉलेज यावे लागले. आजही आठवले की मला राग येतो. दुःख होते त्याहून जास्त राग येतो.

म्हणून क्षयाच्या बाबतीत दयामाया नाही. चार औषधे एकदम आणि मुदत पुरी. एकातून सुटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो, चारही चुकवणारा क्वचित. मी मेंढरांच्या बाबतीत पुढे जे सांगणार आहे ते क्षयाला लावू नये. प्रत्येक रोगाची चाल वेगळी असते. पण औषध उचलण्याआधी वैद्याने एक प्रश्न सगळीकडे विचारावा, मग तो माणसांचा असो की जनावरांचा. मी मारल्यावर उरणार कोण?

कलम ३. नर खच्ची करण्याचा माझा लोखंडी चिमटा सांगोल्याचे मेंढरांचे व्यापारी ईश्वरप्पा यांना द्यावा. माझ्या पहिल्या नेमणुकीत ते भर बाजारात म्हणाले होते, “बाईमानसाच्या हातानं चिमटा दबतुय व्हय?” त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचेच सगळे नर मी उरकले. चिमटा त्यांनी दिवाणखान्यात टांगावा.

कलम ४. कळपातले एकूण एक जनावर औषध पाजून ‘शंभर टक्के जंतमुक्त तालुका’ करण्याचा हुकूम मी पाळला नाही, म्हणून माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांनी मला ‘कारणे दाखवा’ नोटीस दिली होती. ती मी चौकट करून देवघराशेजारी लावली आहे. साहेब हयात असल्यास चौकटीसह परत करावी. कारणे मी तेव्हाही दाखवली होती, त्यांनी पाहिली नाहीत.

कलम ५. माझी वहिनी, सिदूची विधवा, मायाप्पा व सोनाली यांची आई काशम्मा हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. घर नाही, दागिना नाही, शेळीचे करडू नाही. हे चुकून राहिलेले नाही, ठरवून केले आहे. वहिनी अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. तिचे आणि माझे चाळीस वर्षे पटले नाही. मी चप्पल घालून मेंढरांच्या वाड्यावर गेले म्हणून तिने मला एकदा भर उन्हात बाहेर उभे केले होते. काही न देण्याचे कारण मात्र ते नव्हे. कारण शेवटी येईल.

कलम ६. आता कळप. गावाकडच्या वाडीवरची माझी सगळी माडग्याळी जातीची मेंढरे, पैदाशीच्या मेंढ्यांसकट, मायाप्पाला द्यावीत.

हे वाचून त्याला आश्चर्य वाटेल. मला वेडी म्हणणाऱ्याला मी कळप का देते? कारण मेंढरू त्याला कळते. अंधारात नुसत्या खोकल्यावरून कोणते जनावर ते तो सांगतो. दुष्काळात स्वतः उपाशी राहून त्याने कोकरे जगवली आहेत. लहानपणी मी त्याला पाठुंगळी घेऊन हिंडवले आहे, तेव्हा माझ्या कानाला धरून तो मेंढरांना हाका मारायचा. त्याला कळत नाही तो फक्त जंत.

न्यायालयासाठी खुलासा असा. मेंढीच्या पोटात केसासारखा बारीक जंत राहतो आणि रक्त पितो. रक्त उतरले की पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाणी भरते, आणि मेंढी बसते ती उठत नाही. औषध पाजले की जंत मरतात. पण एवढ्या जंतांत दोन-चार असे असतातच, की ज्यांना जन्मतःच ते औषध लागू होत नाही. औषध त्यांना घडवत नाही, नुसते निवडते. आमच्यात पाडव्याला कळप बाहेर निघायच्या आधी सगळी मेंढरे वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून एकजात औषध पाजतात आणि दुसऱ्याच दिवशी नव्या रानात नेतात. नवे रान स्वच्छ. तिथल्या गवतावर अंडी पडतात ती फक्त त्या दोन-चारांची. वाडीवरच्या पोरांनो, चांगला मेंढा राखून बाकीचे विकायचे, ही पैदाशीची रीत तुमच्या आज्यांनी तुम्हाला शिकवली. तीच तुम्ही जंतांवर चालवता, आणि राखता मात्र सगळ्यात दांडगा जंत.

उपाय सोपा आहे. सगळ्यांना पाजू नये. पापणी उलटून बघावी. पांढरी असेल तिला पाजावे, लाल असेल तिला सोडावे. न पाजलेल्या मेंढरांच्या पोटातले साधे जंत जगतात, त्यांची अंडी गवतावर पडतात, दांडग्यांची आणि त्यांची सोयरीक होते, आणि औषधाला मरणारी पिढी शिल्लक राहते. यालाच मायाप्पा जंत पाळणे म्हणतो. होय, मी पाळते. औषध चालावे म्हणून पाळते.

कलम ७. आमच्या घराण्यात काही मेंढ्या बिरोबाच्या नावाने सोडायची रीत आहे. त्या कातरत नाहीत, विकत नाहीत, औषधालाही माणूस त्यांच्या तोंडाला हात लावत नाही. त्या कळपाबरोबरच चरतात. रीत घालणाऱ्यांना जंतांचे काही ठाऊक नव्हते. मलाही देव किती ठाऊक आहे ते देवच जाणे. पण तीन वर्षांपूर्वी मायाप्पाने स्वतःच्या कळपात ही रीत मोडली आणि देवाच्या मेंढ्यांनाही पाजले. संक्रांतीपर्यंत त्याच्या मेंढरांचे जबडे सुजले. पुन्हा पाजले, काही नाही. दुसरे औषध आणले, काही नाही. रस्त्याच्या कडेने मेंढरे बसत गेली. तो माझ्या दारात येऊन रडला आणि मग ओरडला.

“आत्या, तू चांगली बाटली ठिवलीस आन् मला भेसळीची दिलीस!”

मी त्याच्याच हातातली अर्धी बाटली घेतली, वाडीवर गेले आणि माझ्या पांढऱ्या पापणीच्या मेंढ्यांना पाजली. आठवड्याभरात त्या उठून चरू लागल्या. बाटली तीच, कळप वेगळा. त्याने ते डोळ्यांनी पाहिले, आणि तेव्हापासून तो माझ्यावर जास्तच चिडलेला आहे.

तरी माझा कळप वाचला तो माझ्या शिकण्याने नव्हे, असे म्हणणारी एक बाई आहे. त्याच वर्षी औषध पाजायच्या दिवशी मी सोलापुरात दवाखान्यात पडले होते, छातीत दुखत होते म्हणून. मायाप्पा बाटली घेऊन माझ्याही वाघुरीत शिरला. काशम्मा वहिनी देवाच्या मेंढ्यांपुढे कोयता घेऊन उभी राहिली. “माज्या पोटचा हाईस म्हून सांगती,” ती म्हणाली, “ह्यास्नी हात लावलास तर आदी माज्या नरड्यात वोत.” बाकीची मेंढरे पाजून तो परत फिरला. वहिनीच्या मते कळप बिरोबाने राखला, माझ्या मते जंतांच्या सोयरिकीने. यावर आम्ही अजून भांडतो. पण मेंढ्या राखायच्या, यावर आमचे एकमत आहे, आणि आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

म्हणून माझ्या कळपातला दर पाचवा जीव, लाल पापणीचा बघून, मी आजच बिरोबाला सोडत आहे. पुजाऱ्यांसमोर भंडारा उधळून झाला आहे. या मेंढ्या मायाप्पाच्या नाहीत, देवाच्या आहेत. त्याने त्या कळपाबरोबरच चाराव्यात आणि औषधासाठी वाघुरीत घेऊ नयेत. देवाची मेंढी पांढरी पडलीच तर तिला मात्र जरूर पाजावे, तडफडू देऊ नये, आणि तिच्या जागी लाल पापणीची दुसरी सोडावी. देव एवढा हटवादी नाही. मी आहे, पण मी नसेन.

कलम ८. मायाप्पाने देवाच्या निरोगी मेंढ्यांना पाजले, किंवा पाडव्याला कळप एकजात पाजून बाहेर काढला, तर सगळा कळप त्याच्याकडून सोनालीकडे जावा. तिने तो कोणा शहाण्या धनगराला वाट्याने द्यावा. मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारी म्हणून मी सोनालीला नेमते.

कलम ९. माझा देह वाडीवर, वाघुरीच्या जागेपासून लांब, पुरावा. वर दगड नको, मेंढरे चरू द्यावीत. तेराव्याला मेंढरू कापायचे तर कापा, पण भाषणे करू नका, आणि मला ‘धनगरांची पहिली बाई डॉक्टर’ म्हणू नका. पहिली होते की नाही मला माहीत नाही. कोणाचे ऐकले नाही एवढे खरे.

आता कलम ५ चे कारण. हे मृत्युपत्र नसते तर मी बिनलग्नाची असल्यामुळे माझ्या मिळकतीत कायद्याने काशम्मा वहिनीलाही वाटा मिळाला असता, असे वकिलांनी तिच्यासमोर वाचून सांगितले. मृत्युपत्रातून काही मिळणाऱ्याने त्यावर साक्ष करू नये, हेही सांगितले. मी तिला विचारले, “वहिनी, तरणी माडग्याळी मेंढी देऊ तुम्हाला, की साक्षीदार होता?” ती विचार करत बसली नाही. “मला सई येती की,” म्हणाली.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सोलापूर, दिनांक ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार.

(सही) कस्तुराबाई धनाजी बंडगर

साक्षीदार:

१. (सही) महेश्वरी चनबसप्पा हत्तुरे, शेजारीण, निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर. पुढच्या साक्षीदाराने सही केल्यावर जे सांगितले ते मी तिच्याच शब्दांत तिच्या सहीखाली लिहिले आहे.

२. (सही) काशम्मा सिदू बंडगर. “ह्या बाईचं आन् माजं कदी जमलं न्हाय, फुडं बी जमायचं न्हाय. पर डोस्कं तिचं ठिकाणावर हाय. मायाप्पा, तू कोर्टात जा. म्या बी येती. जजासमोर तुज्या आईला खोटी म्हन, आन् मग घरला जेवाय ये.”