सुवाच्य टंकनाबद्दल आभार

सर, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे आणि प्रस्तावना माझ्याकडे आली आहे. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, नेपरव्हिलच्या घरासमोरचा बर्फ फावड्यानं बाजूला करत होते. "तुम्ही सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी," ते म्हणाले, आणि मला असं हसू फुटलं की शेजारच्या काकू दारात येऊन बघायला लागल्या.

विभागातली तुमची खोली आठवते. पुढ्यात त्या नॉर्वेच्या तत्त्वज्ञाचं चरित्र: डोंगरात उंचावर लाकडी खोपट बांधून राहिलेला, कडे चढणारा, नदीला आणि किड्यामुंगीलाही माणसाइतकाच जगण्याचा हक्क आहे असं मांडणारा. दोन वर्षं मी ते इंग्रजीतून मराठीत आणते आहे आणि तुम्ही चहा पीत स्वल्पविराम हलवता आहात. पुस्तक आलं. मुखपृष्ठावर तुमचं नाव, आत माझ्यासाठी एक ओळ: सुवाच्य टंकनाबद्दल आभार. मी धीर करून विचारलं, तर म्हणालात, "अगं, हा माणूस सगळ्या सृष्टीशी एक व्हायला सांगतो, आणि तू नावाला चिकटून बसलीस?" वर सही केलेली प्रत भेट दिलीत. मी मूर्ख, वाकून नमस्कार केला.

आता माझी पाळी. त्या तत्त्वज्ञाचा वादाचा एक नियम होता: समोरच्याचं म्हणणं आधी असं मांडावं की त्यालाही ते पटावं. तुमची बाजू मांडायला बसले. चार दिवस गेले, एक ओळ सुचली नाही. मग तो नाद सोडला आणि कुठलं प्रकरण कुणी मराठीत आणलं ते सरळ सांगून टाकलं. शिवाय समीक्षक तुम्हाला ज्यावरून कायम झोडपत आले, तेही घातलं: खोड्या काढणाऱ्या, म्हातारपणी मुष्टियुद्ध शिकणाऱ्या त्या खट्याळ माणसाचे सगळे विनोद कापून तुम्ही मराठीत त्याचा ऋषी करून टाकलात. मुलीनं वाचलं आणि म्हणाली, "आई, धिस इज ब्रूटल. ही कान्ट ईव्हन रिप्लाय." म्हटलं, "मला तरी तेव्हा कुठे करता आलं?"

आज सकाळी प्रस्तावना मेल केली. हे पत्र मात्र तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. ते विनोद मीच कापले होते, सर. तत्त्वज्ञ माणसानं असा पोरकटपणा करावा हे मला तेव्हा शोभेसं वाटलं नाही. तुम्ही ती टीका निमूट सोसलीत. सांगणार तरी काय, पुस्तक तुमचं होतं ना! प्रस्तावनेतलं ते वाक्य मी तसंच ठेवलं आहे.