झारीभर पाणी

३ फेब्रुवारी

फोनातल्या बागेत शेवंती फुलली. रंगूबाई केर काढता काढता म्हणाली, "आवं वैनी, खऱ्या कुंडीतली तुळस वाळाय लागली. तिला बी पाणी घाला की कवातरी." घातलं.

या खेळात फुकट खेळणाऱ्याला दिवसाला पाचच झाऱ्या पाणी. संपलं की शेजाऱ्याकडे मागायचं. माझी शेजारीण अर्फा — फोनमधले नंबर बघून खेळानंच जोडून दिली. नाहीतर सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या आम्ही! माझ्या मुलाच्या, वीरधवलच्या लग्नाची पत्रिका मी सांगलीला तिच्या घरी नेऊन दिली नाही, व्हॉट्सॲपवर ढकलली. "मी काय तुझ्या ग्रुपातली आहे का गं?" एवढंच म्हणाली. लग्नाला आली नाही.

५ फेब्रुवारी

सकाळी सहाला अर्फाचं मागणं — एक झारी. दिली. मग मी मागितली, तिनं दिली. खेळात लिहायची सोय नाही, आणि फोन करायला मला तोंड नाही.

तिच्या बागेला सोनेरी कुंपण आहे. शाळेतही सगळ्यांत भारी रिबिनी हिच्याच. सिस्टर रागावल्या की दुसऱ्या दिवशी आणखी रुंद बांधून यायची.

८ फेब्रुवारी

सूनबाई शिवांजली पुण्याहून आली. खेळ बघून हसली. "अहो आई, फुकटवाल्यांना मुद्दाम अडवतात. कंटाळून दर महिन्याचे पैसे भरावेत म्हणून. भरले की पाणी हवं तेवढं, जाहिराती बंद." म्हटलं, जाहिरात लागते तेवढ्यात माझ्या स्वेटरच्या दोन ओळी होतात. शिवांजली कुठली ऐकते! वाढदिवसाची भेट म्हणून भरून मोकळी.

११ फेब्रुवारी

पाणी संपतच नाही. मग मागायचं कशाला? तीन दिवसांत अर्फाकडे काही मागितलं नाही. ती मात्र रोज सहाला मागते, मी देते. बागेत टोपलीभर गुलाब, आणि मला करमत नाही.

"त्वांड का उतरलंय? बाग जळली व्हय?" — रंगूबाई.

१३ फेब्रुवारी

चष्मा लावून नीट पाहिलं. माझ्याही बागेला सोनेरी कुंपण! पुण्याला शिवांजलीला फोन केला. "पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं ते, आई."

म्हणजे अर्फाकडे पहिल्या दिवसापासून पाणी हवं तेवढं होतं.

आजही सहाला तिचं मागणं आलं होतं — एक झारी.

कपाटात लग्नाची एक पत्रिका उरली होती, ती पर्समध्ये ठेवली. साडेदहाच्या गाडीनं सांगलीला निघते.