नाकाला नाक

रविवार, २ मार्च, सकाळी ९
लेकीचा, अपर्णाचा, होनोलुलूहून फोन झाला. तिकडे अजून शनिवारची संध्याकाळ. मेमध्ये सगळे हैदराबादला येणार. नात मालिया आता सहा वर्षांची, हवाईयन माध्यमाच्या शाळेत जाते. मागच्या खेपेला पोर दहा दिवस आईच्या मागे लपून होती. या वेळी माझ्याजवळ यायला हवी. उपाय सोपा आहे. तिच्या भाषेत माया दाखवायची. बत्तीस वर्षं गणित शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. चार वाक्यांना आठवडा पुरे.

बुधवार, ५ मार्च
अलोहा आउ इआ ओए. माझं तुझ्यावर प्रेम आहे. वहीत पन्नास वेळा लिहिलं. अक्षर अजून सुबक येतं. ह्यांना समोर बसवून मोठ्याने म्हणून दाखवलं. हे म्हणाले, मला दम देते आहेस असं वाटतं. पुढे म्हणाले, मराठीत कधी म्हणाली नाहीस, एकदम हवाईयनमध्ये? मी सांगितलं, मराठीत गरज पडली नाही. हे पेपर वाचू लागले.

रविवार, ९ मार्च
तयारी पूर्ण होती. पण फोन लागताच मालियाने तो तोंडाजवळ आणला. स्क्रीनभर नुसतं कपाळ आणि नाक. डोळे मिटून तशीच थांबली. मी सांगितलं, फार जवळ नको, डोळे बिघडतात, ताठ बस. अपर्णाने तिला अर्थ सांगितला. लगेच मागे सरली. पोरीला शिस्त आहे. मग नवाचा पाढा विचारला. नऊ साते चुकलं. माझं वाक्य तेवढं राहिलं. नेटवर्क बरोबर नव्हतं.

सोमवार, १० मार्च
अपर्णाचा मेसेज. त्याला होनी म्हणतात. कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावायचं आणि दोघींनी मिळून श्वास घ्यायचा. मालियाला तिच्या तूतूने, म्हणजे तिकडच्या आजीने, सांगितलं होतं की आजी लांब आहे तर फोनवर कर. आई, ती तुझी वाट बघत होती, असं शेवटी लिहिलं आहे.
मी उत्तर पाठवलं, आधी कळवायचं होतंस. परत घ्यायला गेले तोवर तिने वाचलं होतं.
जेवण गेलं नाही. ऊन फार वाढलं आहे.

मंगळवार, ११ मार्च
रविवारी होनी आपणच करायची. चूक दुरुस्त होण्यासारखी आहे.

शुक्रवार, १४ मार्च
आरशावर सराव. चष्मा आपटला. कामवाली यादम्मा दारातून बघत होती. म्हणाली, क्या हुआ अम्मा, दूसरा चष्मा होना क्या? तिला भांड्यांकडे पिटाळलं. नंतर ह्यांना हसून सांगत होती.
अपर्णा पाच-सहा वर्षांची असताना माझ्या नल्लकुंट्याच्या शाळेच्या फाटकात धावत येऊन गळ्यात पडायची. मी तिला बाजूला करायचे. इस्त्री मोडेल म्हणायचे. आज उगीचच आठवलं. साड्या सुती होत्या, खरंच मोडायची.

रविवार, १६ मार्च, सकाळी १०
आठलाच बसले. चष्मा काढून ठेवला. ह्यांना आत पाठवलं.
फोन लागला. मालिया टेबलापासून लांब खुर्चीत, पाठ ताठ, हात मांडीवर. अपर्णा म्हणाली, तू सांगितलंस ना, आठवडाभर अशीच बसते.
मी स्क्रीनला नाक लावलं. काच गार होती. डोळे मिटून श्वास घेतला. पन्नास वेळा लिहिलेलं वाक्य आठवेना. थांबले. तिकडे खुर्ची हलल्याचा आवाज येईल म्हणून ऐकत राहिले.
मग मालिया बोलली. मराठीत, थेट माझ्या सुरात. आजी, फार जवळ नको, डोळे बिघडतात.
अपर्णा तिला काहीतरी समजावू लागली. मी म्हटलं, राहू दे, बरोबर सांगते आहे ती. शाब्बास. मग नवाचा पाढा विचारला. नऊ साते त्रेसष्ट. आता पक्कं झालं आहे.
फोन ठेवताना अपर्णा म्हणाली, आई, तिचं हे पहिलं पूर्ण मराठी वाक्य.
काचेवर नाकाचा डाग राहिला आहे. ह्यांनी रुमाल पुढे केला. म्हटलं, ठेवा, मी पुसते नंतर.